फोटो एक्स्पोर्ट करताना आधी कलर स्पेस बघा

एडिट करताना झकास दिसणारा फोटो ऑनलाइन टाकल्यावर फिका पडला, तर पहिला संशय कलर स्पेसवर, म्हणजे फाइलमधले रंग कुठल्या मर्यादेत मांडले आहेत त्यावर, घ्या. फाइल अॅडोब आरजीबी किंवा प्रोफोटो अशा जास्त रंगांच्या कलर स्पेसमध्ये निघाली असेल आणि प्रोफाइल (कलर स्पेस कुठली ते सांगणारी फाइलमधली नोंद) वाटेत गळून पडलं असेल, तर लाल-हिरवे रंग मरगळलेले दिसतात. त्वचेवर तर हे लगेच कळतं. म्हणून एक्स्पोर्टच्या खिडकीत एसआरजीबी (वेबसाठीची नेहमीची कलर स्पेस) निवडा आणि प्रोफाइल फाइलसोबतच राहू द्या.

आकार तुम्हीच कमी करा. मूळ ६००० पिक्सेलची फाइल तशीच चढवली की साइट ती स्वतःच्या पद्धतीने दाबते, आणि ती काही तुमच्याइतकी हळुवार नसते. लांब बाजू २०४८ पिक्सेल बहुतेक ठिकाणी पुरते. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० ठेवा. जेपेगची क्वालिटी ८० च्या आसपास असली तरी चालते. १०० ला फाइल फुगते, डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही. मात्र निरभ्र आकाशात पट्टे उमटले, तर ९० करून बघा. डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके, त्या) आकड्यावर डोकं खपवू नका, तो छपाईसाठी असतो.

शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, आकार कमी केल्यानंतर करा, तेही स्क्रीनसाठीचं. घरी काढलेल्या फोटोतून लोकेशनची माहिती काढून टाका, विशेषतः मुलांच्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशीच पोचते. पुढे बदल सुचला तर या जेपेगवर हात चालवू नका; मूळ फाइल उघडून नव्याने एक्स्पोर्ट करा.