खऱ्या खूनसत्राच्या तपासावर मालिका कशी लिहावी: रामन राघव प्रकरणाच्या आधारे

खऱ्या खूनसत्रावर मालिका लिहायला घेतली की लेखकाचा हात सर्वांत आधी आरोपीच्या कबुलीजबाबाकडे जातो. १९६० च्या दशकात मुंबईत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणात हा मोह फार मोठा आहे, कारण अटकेनंतर बराच काळ मौन पाळलेला हा माणूस मनासारखे कोंबडीचे जेवण मिळाल्यावर बोलू लागला आणि त्याने चाळीसहून अधिक खून आपल्या नावावर सांगितले. मात्र पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि हे सांगणारा माणूस तर पुढे मनोरुग्ण ठरला. म्हणून कबुलीला एका प्रसंगापुरती जागा द्यावी. पटकथेचा कणा तिच्यावर उभारू नये.

आधी घटनाक्रम मांडावा. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या माणसांवर बोथट हत्याराने हल्ले झाले. त्या वेळी हाच माणूस संशयावरून पोलिसांच्या हाती लागला होता, परंतु पुराव्याअभावी त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ मध्ये उत्तरेकडील उपनगरांत तसेच हल्ले पुन्हा सुरू झाले आणि तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. माझ्या मते खरे नाट्य या मधल्या दोन वर्षांत आहे. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्याच भागात कळले तरी चालेल. हातात आलेला माणूस निसटला कसा, हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत जिवंत ठेवावा.

अटकेचा प्रसंग धावपळीने भरू नये. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखले, परिसरातील दोन प्रतिष्ठित नागरिकांना पंच म्हणून बोलावले आणि झडती घेतली. निघाले काय, तर चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले कागद. कपड्यांवर रक्ताचे डाग होते, बूट चिखलाने माखले होते. पंचनाम्यात वस्तू एकेक करून लिहिल्या जातात, तशाच त्या पडद्यावर एकेक करून दिसू द्याव्यात. लसणावर कॅमेरा क्षणभर थांबला तरी संवादाची गरज उरत नाही. शिवाय सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी त्याची अनेक नावे होती. ओळख पक्की झाली ती बोटांच्या ठशांच्या जुन्या नोंदींवरून, म्हणून ठसे जुळवण्याचे कंटाळवाणे काम दाखवणे टाळू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेल्या चेन्नईच्या ऑटो शंकरच्या आत्मवृत्ताच्या प्रकाशनावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दिलेल्या निकालानुसार, न्यायालयीन दप्तरासारख्या सार्वजनिक नोंदींत जे आहे ते संमतीविना प्रसिद्ध करता येते. त्यापलीकडे कोणाच्या खासगी आयुष्यात शिरल्यास दाव्याला तोंड द्यावे लागू शकते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख तर उघड करताच येत नाही. म्हणून प्रत्येक प्रसंगासमोर 'नोंदीत आहे' किंवा 'कल्पित' असा शेरा लिहून ठेवावा आणि ती प्रत निर्मात्याच्या वकिलाला दाखवावी.

मृतांची नावे बदलावीत, परंतु त्यांचे आयुष्य पुसू नये. पदपथावरचा माणूस मृतदेह म्हणूनच पडद्यावर आला, तर प्रेक्षक खुन्याचीच वाट पाहू लागतो. त्याआधी त्याने दिवसभर काय काम केले, ऑगस्टच्या पावसात अंथरूण कुठे हलवले, शेजाऱ्याशी कशावरून भांडला, एवढे तरी दाखवावे.

शेवट फाशीवर नेता येणार नाही. सत्र न्यायालयाने मृत्युदंड दिला खरा, पण मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने तपासल्यानंतर १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. वाहिनीला हा शेवट थंड वाटेल आणि ती चकमकीची मागणी करील. तेव्हा निकालपत्राची प्रत जवळ असू द्यावी.