जपानी पुन्हा सुरू झाली ती चपलेच्या खोक्यामुळं

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या शिकेपर्यंत माझा उत्साह टिकला. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, रोज काहीतरी नवं वाचता यायचं. पण कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, आली आणि गाडी अडली. रोजच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच २१३६ चिन्हांची. दुकान बंद करून घरी आल्यावर वही उघडवेना.

मार्ग निघाला तो चिठ्ठ्यांवरून उजळणी करायच्या लाइटनर पद्धतीतून. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७०च्या दशकात ती मांडली. मी महाद्वार रोडवरून आणलेल्या चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. चिठ्ठीवर एका बाजूला कांजी, मागं उच्चार आणि अर्थ. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे जरा जास्त दिवसांनी. पहिला कप्पा रिकामा झाल्याशिवाय नवी चिठ्ठी करायची नाही, हा नियम मात्र कडक पाळा. खरी गंमत शेवटचा कप्पा जाड होताना बघण्यात आहे. आपण किती शिकलो ते हाताला लागतं!

सकाळी रंकाळ्यावर फिरताना कानात एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे मोफत धडे असतात. ऐकलेलं वाक्य लगेच मोठ्यानं म्हणायचं. लोक वळून बघतात, बघू देत. क्रियापद मराठीसारखंच शेवटी येत असल्यानं वाक्य तोंडात लवकर बसतं.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. डिसेंबरला एन-फोर, म्हणजे खालून दुसरी पातळी, देतोय.