पाकातल्या साली: साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी

गेल्या डिसेंबरात नाताळच्या केकसाठी मी घरी संत्र्याच्या साली पाकात मुरवल्या. दिसायला झकास झाल्या होत्या. काचेसारख्या चमकणाऱ्या, गडद केशरी. सासऱ्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग तो हळूच रुमालात काढून खिशात ठेवला. मी स्वतः चावून बघितला तर चपलेचा पट्टा. पुन्हा पाणी घालून तासभर उकळल्या, तर आणखी वातड. शेवटी आत्याला फोन केला. तिने एकच विचारलं, "अगं, पुरणात गूळ कधी घालतेस तू? डाळ शिजायच्या आधी?"

तर यंदाची तयारी लिहून ठेवतेय. माझ्यासाठीच, पण तुमच्याही उपयोगी पडेल. पहिली गोष्ट तीच: साल पूर्ण शिजल्याशिवाय साखर घालायची नाही. खाली हे पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आधी फळ. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, आतला पांढरा भाग जेमतेम. वास उत्तम, पण पाक प्यायला तिच्यात जागाच नाही. तिचे बारीक तुकडे करून केकात घालायला ठीक, लांब काड्या करायला नको. मोसंबीची साल चालते, पण सुगंधात कमी आणि कडूपणात पुढे. काड्यांसाठी बाजारात इम्पोर्टेड म्हणून मिळणारी जाड सालीची संत्री घ्या, किंवा ईडलिंबू. कागदी लिंबाच्या वाटेला जाऊ नका.

सगळ्यात उत्तम साल पपनसाची. बोटभर जाड, पांढरी, स्पंजासारखी. गोव्यात गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या चौकटीला, जे पपनस टांगतात, ते खाली उतरल्यावर गर खाऊन साल फेकून देतात, तेव्हा माझा जीव तुटतो. आणि महाळुंग कुठे मिळालं तर सोडूच नका. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. त्यात रस नावालाच, जवळजवळ सगळी सालच, म्हणजे पाकात मुरण्यासाठीच जन्माला आलेलं फळ. पण मला ते बाजारात आजवर दोनदाच दिसलंय, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. केकवाले लाल-हिरव्या टूटी-फ्रूटीचे तुकडे 'फळं' म्हणून घालतात. ती कच्ची पपई असते, तिची आणि या सालींची तुलनाच नाही.

मोठी सहा संत्री आणली तर साधारण तीन-चारशे ग्रॅम साली निघतात. आधी ती गरम पाण्यात टाकून ब्रशने घासा. दुकानातल्या चकचकीत संत्र्यांवर मेणाचा थर असतो, आणि आपण खाणार आहोत ती नेमकी सालच. सोलताना उभ्या चार चिरा देऊन साल पाकळीसारखी काढा. पांढरा भाग खरवडून टाकू नका. बऱ्याच पाककृती खरवडा म्हणतात, पण पाक शोषून घेतो तो तोच. मोसंबीचा थोडा काढला तर चालेल. गर खा, रस काढा, काय हवं ते करा.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं. ॲल्युमिनियमचं नको, सालीतलं आम्ल त्याला लागतं. वजनकाटा लागेल, अंदाजपंचे करू नका. चाळण, तारेची जाळी, एक मोठं ताट. साखर साधीच. लिंबू एक. वेळ दोन दिवस, आणि वाळायला आणखी एक-दोन. ज्या दिवशी पाहुणे आहेत, ज्या दिवशी सिलिंडर संपत आलाय, त्या दिवशी सुरुवात करू नका.

आता कडूपणा. साली थंड पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटं ठेवा, पाणी फेकून द्या, पुन्हा थंड पाणी. संत्र्याला असं तीनदा, पपनसाला चार-पाचदा. पपनसाच्या पांढऱ्या भागात नरिंजिन नावाचं कडू द्रव्य असतं, ते गरम पाण्यात उतरतं, म्हणून पाणी बदलायचं. दर वेळी एक तुकडा चावून बघा. थोडा कडूपणा राहू द्या, साखर तो झाकते. पूर्ण काढलात तर शेवटी नुसती गोड रबडी खाल्ल्यासारखं वाटेल, संत्रं कुठेच नाही.

इथेच मी गेल्या वेळी फसले. तीनदा पाणी बदललं, तीन उकळ्या दिल्या, साली वाकायला लागल्या होत्या, मला वाटलं झाल्या. झाल्या नव्हत्या. कडूपणा काढणं आणि शिजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तीन वेळा पाच-पाच मिनिटं उकळलेली साल शिजलेली नसते, तिचं फक्त पाणी बदललेलं असतं.

म्हणून कडूपणा गेल्यावर शेवटच्या ताज्या पाण्यात साली बारीक आचेवर ठेवा आणि शिजू द्या. जाड संत्र्याला अर्धा-पाऊण तास, पपनसाला त्याहून जास्त. घाई असेल तर कुकरला लावा. जाड सालीला एक-दोन शिट्ट्या पुरतात. नागपुरीला कुकर नको, लगदा होईल. घड्याळावर विश्वास ठेवू नका, फळागणिक वेळ बदलतो. तुकडा बाहेर काढा, थंड होऊ द्या, मग अंगठा आणि बोटात पांढऱ्या बाजूने दाबा. उकडलेल्या बटाट्यासारखा दबला पाहिजे. थंड होऊ द्या म्हटलंय, ते मुद्दाम. गरम साल नेहमी जास्त मऊ वाटते, आणि त्या फसव्या मऊपणावर माझं अर्धा किलो साखरेचं नुकसान झालंय. दुसरी खूण, टूथपिक आरपार जाते, अडत नाही. अडली तर अजून दहा मिनिटं. पुन्हा अडली तर पुन्हा दहा. साखर कपाटातच राहू दे.

कारण एकदा साखर पडली की खेळ संपला. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि ती आहे तिथेच घट्ट होते. पुढे कितीही उकळा, मऊ पडणार नाही, उलट पाक आटेल आणि साल आवळेल. गुळात टाकलेली कच्ची डाळ जशी शिजत नाही, तसंच. आवळ्याच्या मोरावळ्यालाही आवळे आधी वाफवतोच ना आपण? मला हे सगळं माहीत होतं. पुरण मी दर होळीला करते. तरीही इथे डोकं चाललं नाही, कारण साल म्हणजे डाळ आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिजलेल्या साली चाळणीवर निथळा. काड्या करायच्या असतील तर आता कापा, आधी कापल्या तर उकळताना चुरा होतो. मग वजन करा. कच्च्या सालीचं नाही, शिजून निथळलेल्या सालीचं. ती पाणी पिऊन जड झालेली असते. जेवढं वजन तेवढीच साखर, आणि साखरेच्या निम्मं पाणी. म्हणजे 500 ग्रॅम साली, 500 ग्रॅम साखर, 250 मिली पाणी. साखर विरघळली की अर्ध्या लिंबाचा रस घाला, नाहीतर पाकात नंतर साखरेचे खडे धरतात. लिक्विड ग्लुकोज घरात असेल तर दोन चमचे तेही. मी नेहमी विसरते, लिंबावर भागतं.

साली घालण्याआधी एक तुकडा पुन्हा दाबून बघा. हो, पुन्हा. अजून वेळ गेलेली नाही, या क्षणापर्यंत सगळं दुरुस्त होतं, पुढे नाही.

आच एकदम मंद. बुडबुडे नुसते कडेला यावेत. खळखळ उकळलंत तर बाहेरचा पाक घट्ट होतो आणि आतलं पाणी झपाट्याने बाहेर येऊन साल सुरकुतते. साखरेला आत शिरायला वेळ लागतो, तिला तो द्या. पाऊण तासाने साली काचेसारख्या दिसू लागल्या की गॅस बंद. झाकून रात्रभर तशाच ठेवा. दुसऱ्या दिवशी पाक पातळ झालेला दिसेल, घाबरू नका, सालीतलं पाणी बाहेर आलंय आणि साखर आत गेलीय. पुन्हा मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं, एकतारी येईपर्यंत, म्हणजे थेंब दोन बोटांत धरून ताणला की एक तार निघेपर्यंत. एकतारीच्या पुढे नको, दोनतारीला गेलात की थंड झाल्यावर गोळ्या-बिस्किटांची बरणी होते. पपनसाच्या जाड साली किंवा अर्धी संत्री सबंध मुरवायची असतील तर हा खेळ चार-पाच दिवस करा, रोज साली बाहेर काढून पाकात मूठभर साखर घालायची, उकळायचं, पुन्हा ओतायचं. मी काड्याच करते, माझ्याकडे एवढा धीर नाही.

ढवळू नका, भांडं हलवा.

निथळायला जाळीवर, खाली ताट. ताट विसरलात तर ओटा आणि मुंग्या. पंख्याखाली एक दिवस, ठाण्याच्या हवेत दोन. पावसाळ्यात करू नका. ओव्हन असेल तर 90 अंशांवर तासभर, दार जरा उघडं. हाताला किंचित चिकटतील इतपत वाळल्या की दाणेदार साखरेत घोळवा, पिठीसाखर नको, ती विरघळून चिखल होतो. केकात घालायच्या असतील तर साखर लावूच नका. काड्या अर्ध्यापर्यंत चॉकलेटात बुडवणार असाल तरीही नको.

उरलेला पाक गाळून बाटलीत भरा, सोड्यात घालून सरबत होतं, केक ओव्हनमधून काढल्यावर वरून लावायलाही चांगला. काड्या कोरड्या काचेच्या बरणीत. चिकटल्या तर पुन्हा एक दिवस पंख्याखाली. केकासाठी रममध्ये भिजवायच्या असतील तर डिसेंबर उजाडायच्या आत हे सगळं उरकलेलं हवं, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संत्री आणा. मी या रविवारी आणतेय. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.