अंगावर पित्त उठतंय? पेनाने गोल काढा

अंगावर पित्त उठतं, खाजवून जीव नकोसा होतो आणि डॉक्टरांसमोर बसेपर्यंत सगळं साफ! मग दाखवायचं काय?

१. गांधी उठली की तिच्या कडेने बॉलपेनाने गोल काढा, शेजारी वेळ लिहा आणि मोबाइलवर फोटो घ्या.

२. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. साध्या पित्ताची गांधी बहुधा २४ तासांत जागा सोडते; नवी दुसरीकडे उठली तर ती वेगळी. पण तीच गांधी गोलात तशीच राहिली, खाजेपेक्षा दुखत जास्त असेल, किंवा जाताना जांभळट डाग ठेवून गेली, तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

३. आधीच्या काही तासांत काय झालं तेही लिहा. फक्त जेवण नव्हे. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतली का, ताप-सर्दी, घाम, गार पाणी, परकराची नाडी कुठे रुतली. नाडीच्या रेषेतच गांधी उठत असतील तर दाबाकडे बोट जातं.

सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या पित्ताचं कारण पुष्कळदा सापडतच नाही. म्हणून अंदाजाने दूध, अंडी, शेंगदाणे एकेक करून बंद करू नका, मुलांचं तर मुळीच नाही. आमसुलाच्या पाण्याने बरं वाटत असेल तर खुशाल लावा.

मात्र ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला तर फोटो राहू द्या, लगेच १०८ ला फोन करा.