कागदावरचा 'हेमिप्लेजिया' कसा वाचायचा

बाबांच्या डिस्चार्जच्या कागदावर 'राइट हेमिपॅरेसिस' लिहिलं होतं. ते वाचून आई घाबरली आणि मी तो शब्द फोडायला बसले. तुम्हीही असाच फोडा.

आधी शेपूट बघा. 'प्लेजिया' ग्रीक 'प्लेगे'वरून आला, म्हणजे फटका, तडाखा. आपला 'पक्षाघात' नेमका तसाच बांधलाय: पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, तिच्यावर आघात. दोन भाषांनी एकाच आजाराला 'मार बसला' म्हणावं, याचं मला अजून नवल वाटतं. शेपूट 'पॅरेसिस' असेल तर अर्थ सैल पडणं; ताकद कमी झालीय, पण पूर्ण गेलेली नाही. बाबांचा उजवा हात थरथरत का होईना, चादर चिमटीत धरत होता. तेच ते.

मग पुढचा तुकडा. 'हेमि' म्हणजे अर्धं, 'मोनो' म्हणजे एकच हात किंवा पाय, 'क्वाड्रि' किंवा 'टेट्रा' म्हणजे चारही. 'पॅरा' मात्र फसवतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'बाजूला', पण पॅराप्लेजियात दोन्ही पाय जातात.

कागदावर बाजू लिहितात ती शरीराची. उजवं अंग गेलं तर इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असते, आणि बहुतेकांचं बोलणं तोच भाग सांभाळतो, म्हणून बोलण्यावर परिणाम झालाय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

घरात 'लकवा' म्हणत असाल तर तोंडाचा की अंगाचा, ते स्पष्ट सांगा. अरबीतून आलेला हा शब्द मुळात वाकड्या झालेल्या चेहऱ्यासाठी होता. आणि कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, तर शब्द शोधत बसू नका. लगेच १०८ लावा.