मधुमेह-चयापचयाचा संशोधक विद्यापीठात नेमताना

मधुमेह, थायरॉइड, लठ्ठपणा, पीसीओएस (स्त्रियांतला बीजांडकोशाचा संप्रेरक-विकार), हाडांचा ठिसूळपणा हे सगळे 'एंडोक्राइन आणि मेटाबॉलिक' (संप्रेरके आणि चयापचय) या एकाच पाटीखाली येते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे (देशात १० कोटींवर मधुमेही, १३ कोटींवर मधुमेहपूर्व अवस्थेतले) वाचल्यावर प्रत्येक विद्यापीठाला या विषयात माणूस हवासा वाटतो. तो कोण, हे न ठरवता जाहिरात निघते आणि मग वर्षभर त्रास होतो.

इथे आवारात स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय असलेले अभिमत विद्यापीठ व सहायक प्राध्यापकाचे पद धरले आहे. राज्य विद्यापीठात बिंदुनामावली (आरक्षणाचा पदक्रम) आणि निवडीबाबतचे शासन निर्णय वेगळे चालतात. तिथे आस्थापना विभागाकडून चालू निर्णयाची प्रत हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी माणूस ठरवा

या विषयात चार जातीचे संशोधक असतात: रुग्ण तपासणारा डीएम एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकविकारांचा अतिविशेषज्ञ डॉक्टर), उंदरांवर काम करणारा, पेशी-रेणूंच्या पातळीवर काम करणारा, आणि लोकसमूहांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा. एकाला लागते ते दुसऱ्याच्या काही कामाचे नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. वजनाने कमी पण तुलनेने जास्त चरबी असलेले भारतीय बाळ, ही आज सर्वत्र उद्धृत होणारी मांडणी त्याच कामातून पुढे आली. असे काम करणाऱ्याला क्षेत्रकर्मचारी, गाडी आणि वीज गेली तरी चालू राहणारे उणे ८० अंशांचे फ्रीझर लागतात. उंदरांचे पिंजरे त्याला देऊन उपयोग नाही.

म्हणून विभागप्रमुखाने एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: आज आपल्याकडे चालू स्थितीत काय आहे, काय वर्षभरात नक्की येईल, आणि काय येणार नाही. तिसरा रकाना भरायला जीव जड होतो, पण उमेदवार पुढे याच रकान्यावरून नोकरी सोडतो. 'प्राणीगृह आहे' एवढे पुरत नाही. सीसीएसईएची (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची) नोंदणी चालू आहे का, संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या बैठका नियमित होतात का, खोलीचे तापमान किती आणि रात्री ते कोण बघते, हेही त्या पानावर हवे.

क्लिनिशियन हवा असेल तर पद एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) अध्यापक-पात्रतेच्या नियमांत बसवावे लागते. एमएस्सी-पीएचडी केलेल्याला एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी देता येत नाही. दोन्ही प्रकारची माणसे एकाच जाहिरातीत ओढू नका. पदे वेगळी ठेवा आणि दोघांना एका प्रयोगशाळेत आणा.

जाहिरात

'जीवशास्त्र वा संबंधित विषयातील पीएचडी' असे लिहिले की मत्स्यविज्ञानापासून वनस्पतिशास्त्रापर्यंतचे अर्ज येतात आणि छाननी समिती त्यांतच बुडते. त्याऐवजी असे लिहा: 'स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, मेदऊती, यकृत किंवा स्नायू यांपैकी एकातील चयापचयावर स्वतंत्र प्रश्न असलेला संशोधक, उंदरांच्या प्रतिमानाचा किंवा मानवी ऊतींचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक, रुग्णालयातील मधुमेह विभागासोबत काम करण्याची तयारी हवी.'

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के हवेत. परदेशी पीएचडी असेल तर ते विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये आहे का, ते बघा. वेतन स्तर १०, सुरुवात ५७,७०० रुपये. हा आकडा जाहिरातीत छापा, लपवून काही मिळत नाही. सेमिनार आणि फळ्यावरची चर्चा निवडप्रक्रियेचा भाग असेल, हेही छापा. २०१८ चे नियम अशी चाचणी घ्यायला मुभा देतात, पण आयत्या वेळी घेतली की तक्रार येते.

छाननी: गुणतक्त्याची मर्यादा

याच २०१८ च्या नियमांतला छाननीचा तक्ता १०० गुणांचा आहे. त्यात पीएचडीला ३०, पदव्युत्तर परीक्षेला जास्तीत जास्त २५, पदवीला १५. शोधनिबंधांना मात्र प्रत्येकी २ आणि एकूण १०. म्हणजे पाच निबंधांनंतर सहावा मोजलाच जात नाही, आणि पाच वर्षे राबून केलेला एक मोठा निबंध व तीन महिन्यांत उरकलेला दुसरा यांना सारखेच गुण पडतात. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) वर्षाला २ गुण, तेही १० पर्यंतच. हा तक्ता गाळणीपुरता आहे. नियमांप्रमाणे अंतिम निवड मुलाखतीवर होते. त्यामुळे मुलाखतीला बोलवायची संख्या थोडी मोठी ठेवा, नाहीतर बारावीपासून टक्के राखणारा आत येतो आणि संशोधक बाहेर राहतो.

यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली. नियतकालिक चालेल की नाही याचा निकष आता विद्यापीठालाच ठरवावा लागतो, आणि तो अर्ज उघडण्यापूर्वी लेखी हवा.

छाननीत टिकलेल्यांचे प्रत्येकी दोन निबंध समितीतल्या एकाने खरोखर वाचावेत. वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिने ओळखण्याच्या चाचणीच्या) पट्ट्या दोन आकृत्यांत सारख्या दिसतात का, प्रत्येक गटात किती उंदीर होते, नर-मादी दोन्ही होते का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. शिफारसपत्रे तीन मागवा, पण आपल्याकडची पत्रे गोडच असतात. त्यापेक्षा मार्गदर्शकाला फोन करून विचारा: 'या निबंधातली कोणती आकृती यांच्या हातची? कोणता प्रश्न ते सोबत घेऊन जाणार आणि कोणता तुमच्याकडे राहणार?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अडखळत आले, तर उमेदवाराकडे स्वतःचे काम अजून उभे राहिलेले नाही.

मुलाखतीचा दिवस

सकाळी ४५ मिनिटांचा सेमिनार, दुपारी तासभर फळ्यावर, स्लाइडशिवाय. निवड समितीत कुलगुरूंनी नेमलेले तीन विषयतज्ज्ञ असतात. गणपूर्तीसाठी किमान चार सदस्य आणि त्यांत दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ लागतात. तिसऱ्याने ऐनवेळी टांग दिली तर निभते, दुसऱ्यानेही दिली तर दिवस फुकट. तिघेही बीटा पेशीवाले बोलावू नका. एक तरी लोकसमूहांवर किंवा रुग्णांवर काम करणारा ठेवा.

प्रश्न मोघम नकोत. उंदरांवर काम करणाऱ्याला विचारा, 'पिंजऱ्याची खोली किती अंशांवर ठेवाल?' नेहमीच्या २२ अंशांना उंदीर थंडीशी झगडत ऊर्जा जाळत असतो. त्याला साधारण ३० अंश सोयीचे. वजन आणि ऊर्जाव्ययाचे निष्कर्ष यावर फिरतात. हे ठाऊक नसलेल्याने मेटाबॉलिक केज (ऊर्जाव्यय मोजणारे पिंजरे) मागितले तर ते पडून राहतील. पुढचा प्रश्न: 'ब्लॅक सिक्स उंदीर कोणत्या उपजातीचे, ६जे की ६एन?' (ब्लॅक सिक्स ही प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी जात.) ६जे मध्ये एनएनटी जनुक निकामी असते आणि त्याचा इन्सुलिन स्रवण्यावर परिणाम होतो. 'जे मिळतील ते' हे उत्तर वाईट. उंदराला फक्त स्ट्रेप्टोझोटोसिन हे औषध टोचून त्याला टाइप २ मधुमेह म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ते औषध बीटा पेशी मारते.

रुग्णांवर काम करणाऱ्याला विदर्भातला नमुना द्या: 'एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.४, पण उपाशीपोटी साखर १४०. काय म्हणाल?' सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खोटे कमी दिसते. लोहाच्या कमतरतेत ते उलट वाढलेले दिसू शकते. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडचे रुग्ण घेणार असाल तर हा प्रश्न टाळताच येत नाही. 'नमुना रक्तकणफुटीचा निघाला तर इन्सुलिन मोजाल का?' यालाही उत्तर 'नाही' हवे, कारण फुटलेल्या पेशींतील एन्झाइम इन्सुलिन तोडतात.

फळ्यावर तीन वर्षांचा आराखडा मागा आणि मध्येच एक दोरी कापा: 'हे पिंजरे दीड वर्ष आले नाहीत, मग?' चांगला उमेदवार लगेच रुग्णालयातल्या नमुन्यांकडे किंवा पेशींकडे वळतो. रागावणारा पुढेही रागावणार.

नेमणूकपत्रात काय हवे

तोंडी आश्वासने कुलगुरू बदलले की उडून जातात. बाकांची लांबी, फ्रीझरमधली जागा, किती पिंजरे, एक तंत्रज्ञ किती वर्षांसाठी, सुरुवातीचा निधी किती हप्त्यांत, हे सगळे आकड्यांत लिहा. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे अध्यापन आठवड्याला १६ तास असते. पहिल्या वर्षी प्रकल्प-मार्गदर्शन आणि प्रात्यक्षिके त्यात कशी धरायची, ते सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने ठरवून ठेवा. क्लिनिशियन असेल तर ओपीडीचे वार नावाने लिहा. 'गरजेनुसार' हा शब्द आला की संशोधनाचे दिवस संपले.

पीएचडीचे विद्यार्थी देऊ असे म्हणण्याआधी २०२२ चे पीएचडी नियम बघा. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, स्वतःचे किमान तीन शोधनिबंध लागतात, आणि मार्गदर्शक पूर्णवेळ नियमित अध्यापक असावा लागतो. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या माणसाला विद्यार्थी मिळणार नाहीत, मग प्रयोग करणार कोण?

रुजू होण्यापूर्वीचे महिने

परदेशातून येणारा उमेदवार ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे) कार्डधारक असेल तर २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतात संशोधनासाठी त्याला एफआरआरओची (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची) विशेष परवानगी लागते. हे निवड झाल्याच्या आठवड्यातच सुरू करा. जुन्या संस्थेत मिळालेली नीतिमंजुरी इथे चालत नाही. प्राण्यांचा आणि मानवी नमुन्यांचा, दोन्ही प्रस्ताव नव्याने जातात, आणि उमेदवार रुजू होण्याआधी मसुदा तयार करून ठेवू शकतो. जुन्या प्रयोगशाळेशी सहकार्य परदेशी निधीवर चालणार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावे लागते. उंदीर बाहेरून आणायचे तर आयात परवानगी आणि विलगीकरण यांत महिने जातात, आणि चरबीयुक्त खाद्यावर उंदीर लठ्ठ व्हायला वर आणखी १२ ते १६ आठवडे. पहिला आकडा दिसायला वर्ष लागेल, हे वित्त विभागाला आधीच सांगा, म्हणजे सहाव्या महिन्यात 'उत्पादन काय?' असे पत्र येणार नाही.