स्पेनमधला ला राग्वा घाट सायकलने: आम्ही केलेल्या चुका तुम्ही टाळा

दुपारचे पावणेचार. लारोलेस गावातल्या बारच्या भिंतीला सायकली टेकवून आम्ही तिघे उभे, आणि शटर अर्धं खाली आलेलं. आतली बाई खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. 'कोसीना?' असं विचारलं, तर तिने बोटांची कात्री करून दाखवली. स्वयंपाकघर बंद. परत कधी? साडेआठला. आमच्याकडे चिक्कीचं अर्धं पाकीट उरलं होतं, तेही वितळून एकाला एक चिकटलेलं.

दोन हजार मीटरचा घाट आम्ही व्यवस्थित चढून उतरलो होतो. फसलो ते घड्याळापुढे.

आधी घाटाची ओळख. दक्षिण स्पेनच्या सिएरा नेवादा डोंगरात, ग्रानादा आणि आल्मेरिया या दोन प्रांतांच्या हद्दीवर ही खिंड आहे. उत्तरेला ला कालाओर्रा हे गाव, सुमारे 1,200 मीटर उंचीवर. गावामागच्या टेकाडावर सोळाव्या शतकातला किल्ला, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. तिथून तेराएक किलोमीटरमध्ये 800 मीटर चढायचं. मागे वळून पाहिलं की पठारावर सौर वीजकेंद्राच्या आरशांच्या रांगा चमकताना दिसतात. माथ्यापलीकडे आलपुहार्रा हा डोंगराळ प्रदेश सुरू होतो, लारोलेस त्यातलंच: पांढरी घरं, सपाट मातीची धाबी, बदामाची झाडं आणि मूरांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या इथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळापासून चालत आलेले पाण्याचे पाट.

सिंहगडाच्या वेळेने निघणं

सर्वात महाग पडली ती ही चूक. आपल्याला सवय पहाटे साडेचारला उठून उजाडायच्या आत घाटाच्या पायथ्याशी पोचायची. तिथे जूनमध्ये सूर्य उगवतो सातच्या सुमारास. ग्रानादा ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, पण तिथलं घड्याळ चालतं बर्लिनच्या वेळेवर. त्यामुळे पुण्यात साडेबाराला डोक्यावर येणारा सूर्य तिथे उन्हाळ्यात सव्वादोनला येतो. आपण 'बारा वाजले, आता सावलीत बसू' म्हणतो तेव्हा तिथे सकाळच चालू असते. खरा भाजणारा वेळ म्हणजे चार ते सात. आम्ही बारा ते तीन पाइनच्या सावलीत लोळलो आणि भर उकाड्याच्या तोंडावर उतरून खाली आलो. वर आमची जेवणाची वेळही टळली.

गावाचं वेळापत्रक पाठ करून ठेवा. दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठच्या पुढे. किराणा दुकान दोनला बंद होतं ते पाच-साडेपाचला उघडतं. रविवारी तेही नाही. गावात एकच बार असेल आणि त्याची साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी असेल, तर उपास. लहान गावांत सकाळी पावाची व्हॅन हॉर्न वाजवत येते. तो हॉर्न ऐकला की हातातलं काम टाकून धावा.

पुढे टपरी भेटेलच, हा भरवसा

ताम्हिणीत दर थोड्या अंतरावर कोणीतरी कांदाभजी तळत असतं. ला कालाओर्रा ते लारोलेस या तीसेक किलोमीटरमध्ये रस्त्यावर एकही गाव नाही. माथ्यावर निवाऱ्याची इमारत आहे, पण ती उघडी असेल असं धरून चालू नका. दोन मोठ्या बाटल्या आणि दोन जेवणांचं खाणं सोबत हवंच.

वाटेत झरे, कारंजी दिसतात, तिथे पाटी वाचा. 'पोताब्ले' म्हणजे पिण्याजोगं, 'नो पोताब्ले' म्हणजे नाही. 'सिन त्रातार' म्हणजे शुद्धीकरण न केलेलं. गावकरी ते आनंदाने पितात. परक्या पोटाने ती परीक्षा घाटाच्या मधोमध देऊ नये.

घामेजल्या अंगाने उतार सुरू करणं

खाली पठारावर जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी सहज ओलांडतो, म्हणून आमच्यातल्या एकाने वजन नको म्हणत विंडचीटर मागेच ठेवला. माथ्यावर वारा सुटलेला. ओल्या जर्सीवर तो वारा बसला आणि पाचव्या मिनिटाला गड्याची बोटं इतकी आखडली की ब्रेक धरता येईना. शेवटी नकाशाचा कागद जर्सीत छातीवर घालून त्याला खाली आणला. वसंतात जाणार असाल तर एप्रिलमध्येही वर बर्फ असू शकतो. निघण्याआधी रस्ता उघडा आहे का, हे तिथल्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

ब्रेक कुठला कुठल्या हाताला?

भाड्याची सायकल घेतलीत तर हे आधी तपासा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला. गडबडीत नेहमीच्या सवयीने डावा ब्रेक करकचून दाबलात तर पुढचं चाक जागीच थांबतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाता. दुकानासमोरच दहा मिनिटं गोल गोल फिरवून हाताला सवय लावा.

दुसरी गोष्ट, वाहतूक उजवीकडून चालते. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं, पण आंधळ्या वळणावर मन आपोआप डावी बाजू धरतं. मी एकदा धरली. समोरून बकऱ्यांचा कळप आला म्हणून वाचलो, ट्रक आला असता तर हे लिहायला नसतो.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी जोरात दाबा, वेग मोडा, वळणात सोडा. ब्रेक ढिला लागू लागला, जळका वास आला, तर पॅड तापले आहेत. थांबा, दहा मिनिटं फोटो काढा. तापल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही आणि बोटही लावायचं नाही. बोटाचा अनुभव माझा आहे.

विमानातून आलेली सायकल न तपासता चढाला घेणं

लक्षण: सपाटीवर सगळं ठीक, पण चढावर सर्वात हलका गिअर टाकला की मागून खर्रखर्र आवाज, किंवा चेन थेट आऱ्यांमध्ये. कारण बहुतेक वेळा एकच, मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो जिच्यावर बसतो ती छोटी धातूची पट्टी, प्रवासात वाकलेला असतो. मागून एका डोळ्याने बघा. डिरेलरचा पिंजरा चाकाला समांतर दिसायला हवा. वाकलेला असेल तर बदला. आपल्या मॉडेलचा हँगर घरूनच न्या, कारण तो प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि डोंगरातल्या गावांत सायकलचं दुकान नसतं. वाटेतच झालं तर सर्वात हलका गिअर वापरायचा नाही, उतरून ढकलायचं. त्यात लाज कसली.

कायदा

थोडक्यात: गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे. ओलांडणाऱ्या गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि बहुतेक जण सोडतात. पहिल्या दिवशी आम्हाला हेच विचित्र वाटत होतं. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. अडचणीत 112.

'मांस नको' एवढंच सांगणं

साडेआठला तीच बाई शटर वर करताना आम्हाला तिथेच बसलेलं पाहून हसली. ग्रानादा प्रांतात पेयासोबत छोटी बशी फुकट मिळते, तिला तापा म्हणतात. आम्ही 'सिन कार्ने', मांसाशिवाय, असं ठणकावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि पावावर हॅमचे काप घेऊन आली. तिच्या लेखी कार्ने म्हणजे मटणासारखं मांस. हॅम हे हॅम, ट्यूना हा मासा. तेव्हा यादीच म्हणायची: 'सिन हामोन, सिन चोरिसो, सिन आतून', म्हणजे हॅम नको, डुकराच्या मांसाचं सॉसेज नको, ट्यूना नको. ही यादी म्हटल्यावर आल्या 'पापास आ लो पोब्रे', म्हणजे गरिबाचे बटाटे: ऑलिव्ह तेलात कांदा आणि तिखट नसलेल्या हिरव्या मिरच्यांसोबत मंद शिजवलेले, वर तळलेली अंडी. तिसऱ्या प्लेटच्या वेळी तिने न विचारताच आणखी पाव आणून ठेवला.